लाल दोऱ्याच्या एकेचाळीस पुड्या

ती घटना आठवायला मला जुन्या डायऱ्या चाळाव्या लागत नाहीत. संक्रांतीचे दिवस आले आणि कुणी हातावर काही ठेवलं, की माझा हात क्षणभर अधांतरी थांबतो. समोरच्याला वाटतं, साहेबांना साखरेचा त्रास दिसतोय. साखर नाही, भीती आहे. नोकरीत मी कोयते पाहिले, गावठी कट्टे पाहिले, एका आरोपीने तर माझ्या अंगावर जीप घालायचा प्रयत्न केला होता. त्या दिवशीही मी डगमगलो नाही. डगमगलो ते बायकांच्या हळदीकुंकवाने! हसा खुशाल. मीही सुरुवातीला हसलोच होतो.

मुदतीआधीच वर्दी उतरवून मी आता मोकळा झालो आहे, म्हणून सांगतो. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही. त्यातली निम्मी माणसं अजून बाजारात भेटतात आणि माझ्याकडे बघून दुसऱ्या गल्लीत वळतात.

मी तेव्हा जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाण्याचा प्रभारी होतो. संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते. सकाळची हजेरी झाली होती, ठाणे अंमलदार नोंदी लिहीत होता. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या माणसाने गाव सांगितलं, स्वतःचं नाव सांगायला मात्र तो तयार नव्हता.

“आमच्या शेजाऱ्याला त्याच्या सुनेनं जहर घातलंय. जमिनीची भानगड हाय. जल्दी या, न्हाई तर सगळं धुऊन टाकतील.”

फोन बंद. दहा मिनिटांत जालन्याच्या रुग्णालयातल्या पोलीस चौकीची खबर आली. साठीचे एक शेतकरी दाखल झाले आहेत, उलट्या होत आहेत, तोंड बधिर आहे, विषबाधेचा संशय आहे. गाव तेच. निनावी फोन आणि रुग्णालयाची खबर असे हातात हात घालून आले, की पोलिसाच्या डोक्यात गुन्हा उघड होऊन आरोपपत्रसुद्धा तयार होतं. माझ्याही झालं. आरोपी सून, हेतू जमीन. आता फक्त कबुली हवी होती.

रुग्णालयात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

“हे फवारणीचं औषध नाही. आधी ओठ आणि जीभ बधिर झाली, मग हातापायांना मुंग्या, आणि आता हृदयाचे ठोके चुकतायत. मला बचनागाच्या विषारी मुळीचा संशय आहे.”

“त्यावर उतारा?”

“नेमका असा नाही. ठोके सांभाळत बसायचं.”

काचेपलीकडे म्हातारा पडला होता. उशाशी यंत्रावर हिरवी रेघ धावत होती. धावता धावता ती मध्येच वेडीवाकडी व्हायची, नर्स धावत यायची, पुन्हा रेघ सरळ चालीला लागायची. मी दोनच मिनिटं पाहिलं. 

गावात जाऊन घराचा पंचनामा केला. चुलीजवळ पातेलं आणि कप, खरकट्याच्या बादलीत एक भिजलेली पुडी. पातळ पांढऱ्या कापडाची, लिंबाएवढी, तोंड लाल दोऱ्याने आवळलेलं. वास घेतला तर दालचिनीचा. इतका छान, की मलाच चहाची तल्लफ आली! पंचांसमोर पुडी सीलबंद केली, तिचा फोटो काढून घेतला आणि सुनेकडे विचारपूस सुरू केली. सोबत आमची महिला पोलीस शिपाई होती. तिला सगळं ठाणं ताई म्हणायचं. बदनापूरहून रोज रेल्वेने ये-जा करायची. अबोल, पण नजर तिखट.

“चहात काय घातलं होतंस?”

“वाणाची पुडी घातली, साहेब. मामांचे गुडघे लई दुखायलेत. ही पुडी गुडघ्याला चांगली असती म्हणल्या त्या.”

“कोण त्या?”

“माझ्या पोरीच्या शाळेतल्या बाई. हळदीकुंकवाला गेल्ते त्यांच्याकडं.” मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. “मामा जगतील का, साहेब?”

हा प्रश्न तिने त्या तासाभरात सहा वेळा विचारला. गुन्हेगार माणूस आधी स्वतःचं काय होणार ते विचारतो. हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी ते बाजूला सारलं, कारण डोक्यातलं आरोपपत्र फार सुंदर जमलं होतं.

शाळेतल्या बाई तालुक्यालाच राहायच्या. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांच्याकडे चार-पाच जणी बसलेल्या. बाईंच्या शेजारी बँकेतल्या एक अधिकारी मॅडम होत्या. मी दारातूनच, भर सभेत, खणखणीत आवाजात विचारलं.

“तुम्ही वाणात औषधाची पुडी दिली होती का?”

“मी? छे हो! मी तर सगळ्यांना स्टीलचा चमचा दिला.”

बोलता बोलता बाईंची नजर एकदाच शेजारच्या मॅडमकडे गेली आणि परत आली. मी ती नजर टिपली आणि चुकीची वाचली. मला वाटलं, पोलीस पाहून घाबरल्या.

ठाण्यात परतलो. एकीकडे शिक्षिकेचा शब्द, दुसरीकडे सुनेचा. सुनेला अटक करण्याची तयारी सुरू झाली. कागद टेबलावर आले. मी पेन उघडलं आणि तेवढ्यात आमचे जुने हवालदार माझ्या हातातल्या मोबाइलवरचा पुडीचा फोटो पाहून खाकरले.

“साहेब, ही पुडी मी वळखतो.”

“कशी?”

हवालदारांनी आधी दार लावलं. मग बटणं सोडली, सदरा वर केला आणि माझ्याकडे पाठ केली. पाठीवर करवंदाच्या रंगाचे गोल गोल डाग, वाटीच्या काठाएवढे, दोन ओळींत शिस्तीत उभे. परेडच जणू!

“कुणी मारलं तुम्हाला?”

“मारलं न्हाई, साहेब. काचंचे पेले लावत्यात. हवा वढून घेत्यात. सुयाबी टोचत्यात. चिनी विद्या हाय ती. कंबर बिलकुल मोकळी झाली माझी.”

“अन् कधी जाता तुम्ही?”

“शनवारी.”

“शनिवारी तर तुम्ही जांब समर्थला दर्शनाला जाता. दोन तासांची सवलत देतो मी तुम्हाला!”

“दर्शनाला मनातल्या मनात जातो, साहेब.” सदरा खाली आला. “सुया टोचून पालथं पडलं की दुसरं काय काम असतंय? ते जाऊ द्या. पेले काढल्यावर बाई गरम पाण्यात पाय बुडवायला लावत्यात. त्या पाण्यात हीच पुडी. लाल दोऱ्याची. पाय शेकायची हाय ती, प्यायची न्हाई!”

पेन मी बंद केलं.

आष्टी रस्त्यावर दोन खोल्यांत ते ॲक्युपंक्चर केंद्र होतं. चालवणारी बाई शेतकरी घरातली सून, शिकून-सवरून, रीतसर नोंदणी करून आलेली. भिंतीवर माणसाच्या शरीराचं चित्र, त्यावर बिंदू आणि रेघा. बाकावर दोन बाया कानाला उपचाराचे बारीक दाणे चिकटवून निवांत गप्पा मारत होत्या. आतल्या खाटेवर एक जण पालथा पडला होता, खांद्यावर सुया. मी म्हटलं, आधी त्याचं आटपा. बाईंनी एकेक सुई काढली, मोठ्याने मोजली, फळ्यावर टोचतानाचा आकडा होता तो जुळवला आणि सगळ्या सुया जाड डब्यात टाकल्या. काम नेटकं होतं. मग मी फोटो पुढे केला आणि बाईंचा चेहरा माझ्यासमोर पांढरा पडत गेला.

“कोण प्यालं?”

मी अजून पिण्याचा विषयही काढला नव्हता.

“यात दालचिनीबरोबर बचनागाची कच्ची मुळी असते, साहेब. बाहेरूनच वापरायची. शेक दिल्यावर हातसुद्धा धुवायला लावते मी. प्यायला माझ्याकडे वेगळी पुडी आहे, हिरव्या दोऱ्याची, आलं अन् खजुराची. लाल मी कुणाला घरी देत नाही.”

“कुणालाच नाही?”

बाई खाली बसल्या. “एकदाच दिली. बँकेतल्या मॅडमची टाच बरी झाली. त्या एवढ्या खूश झाल्या, म्हणाल्या औंदा वाण हेच लुटणार, सगळ्याजणींचे पाय बरे होऊ द्या. मी चिठ्ठी लिहून दिली, फक्त पाय शेकण्यासाठी, तोंडात घालू नये.”

“प्रत्येक पुडीवर?”

“नाही. एकच चिठ्ठी.”

“अन् पुड्या?”

“एकेचाळीस.”

त्या खोलीत काहीतरी जळक्या पाल्याचा वास भरला होता. चिनी पद्धतीत शेकायला वाळलेल्या पाल्याची कांडी पेटवतात, तिचा तो वास. आजही तो आकडा आठवला की मला तो वास येतो.

बँकेतल्या मॅडम सरळ बाई. त्यांनी ताबडतोब वहीतून आमंत्रणाची यादी काढून दिली. “मी चिठ्ठी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली, साहेब. दोनदा. सगळ्यांना माहीत आहे पायाची आहे म्हणून.”

आणि तिथे, त्यांच्या बैठकीत, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्यांनी चिठ्ठी ऐकली त्या धोक्यात नव्हत्याच. धोक्यात होत्या त्या, ज्यांच्याकडे पुडी दुसऱ्या हाताने गेली. आणि आपल्याकडे वाण दुसऱ्या हाताने जातंच. प्लॅस्टिकच्या डब्या, गाळण्या, साबणदाण्या रथसप्तमीपर्यंत गावभर फिरतात आणि कधी कधी पहिल्या मालकिणीच्या घरी परत येतात. सगळ्यांना ठाऊक असतं. कबूल मात्र कुणी करत नाही, मरेपर्यंत.

शाळेतल्या बाईंना मी पुन्हा गाठलं, या वेळी एकटीला. आवाज अगदी खाली आणला.

“बाई, मॅडमची पुडी तुम्ही पुढे दिली ना?”

त्यांच्या डोळ्यांतून पाणीच आलं. “मॅडम शेजारीच बसल्या होत्या, साहेब. त्यांच्यासमोर कसं सांगू? एक चमचा कमी पडला. ती शेवटी आली. म्हटलं गुडघ्याला चांगली असते. पायाची आहे हे सांगायचं राहून गेलं.”

“तुमच्या त्या चमच्यापायी एक सून तुरुंगात चालली होती.”

“मला वाटलं, पोलीस असंच विचारतात.”

पोलीस असंच विचारतात! तीन शब्दांत माझी सगळी नोकरी तिने माझ्या हातात ठेवली.

दिवेलागणीला मी ताई आणि हवालदारांना यादी देऊन घरोघर पाठवलं. एक पुडी म्हाताऱ्याच्या पोटात गेली होती. राहिल्या चाळीस. दोन तासांनी दोघं परतले. सतरा पुड्या हातात आल्या होत्या.

“बाकीच्या?”

“सगळ्याजणी म्हणत्यात, हाय की घरात,” ताई म्हणाली. “दाखवा म्हणलं की कपाटाला कुलूप हाय, किल्ली सासूबाईंकडं हाय, सासूबाई देवळात हायेत. एकीच्या घरात तर कपाटच न्हाई, साहेब. मी बघितलं.”

तेवीस पुड्या. तेवीस घरं, जिथे कुणीतरी आपल्या आईला, सासूला, थकल्या नवऱ्याला मायेने म्हणणार होतं, थांबा, गुडघ्याला चांगलं असतं, चहात टाकते. रुग्णालयातून फोन आला. म्हाताऱ्याचे ठोके पुन्हा बिघडले होते. मी खुर्चीत बसून गावाकडे पाहत होतो. प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला. चोर असता तर नाकाबंदी केली असती. नाकाबंदी चहाची कशी करायची?

दरडावून उपयोग नव्हता, ते शिक्षिकेने शिकवलं होतं. म्हणून सकाळी मी एक नाटक उभं केलं. ठाण्यात महिला कक्षासमोर पडदा लावला. आत मुद्देमालाची रिकामी पेटी, झाकण उघडं. मारुतीच्या देवळाच्या कर्ण्यावरून मी स्वतः बोललो.

“माता-भगिनींनो! लाल दोऱ्याची पुडी म्हणजे जहर आहे. कुणाला दिली असेल तर कुठलाही बहाणा करून परत आणा आणि पडद्याआड पेटीत टाका. आत कुणी नाही. नाव लिहिलं जाणार नाही. कुणाची पुडी, कुणी कुणाला दिली, हे पोलीस विचारणार नाहीत, आणि तुमच्या वाणाची वार्ता पोलीस कुणाला सांगणार नाहीत. दिलं वचन!”

हवालदार तोंडावर रुमाल धरून हसत होते. पण नऊला पहिला पदर पडद्याआड गेला. मग रांगच लागली. कुणी भाजीची पिशवी घेऊन, कुणी दूध आणायला निघाल्यासारखी. एकीने बाहेर पडताना माझ्याकडे पाहून उगाच सांगितलं, “मी तक्रार द्यायला आल्ते, पण मिटलं आमचं.” एक तर मैत्रिणीला आत पाठवून स्वतः बाहेर थांबली, आणि मैत्रीण बाहेर आल्यावर म्हणाली, “आता तू थांब, मी जाते.” दोघींनीही एकमेकींना काही विचारलं नाही.

दुपारी दोन वाजता पेटी मोजली. बावीस. कालच्या सतरा धरून एकोणचाळीस.

“एक कमी,” मी म्हणालो. “यादी पुन्हा वाचा.”

हवालदारांनी यादी वाचली. प्रत्येक नावापुढे खूण होती. वाचून झाल्यावर ते पेटीकडे बघत राहिले.

“बोला.”

“साहेब, एका घरी आम्ही गेलोच न्हाई. तशीच खूण केली.”

“कोणतं घर?”

“आपलं.”

माझी पत्नी मॅडमच्या हळदीकुंकवाला गेली होती. सकाळी चहा घेताना मी तिला विचारलंही होतं आणि ती म्हणाली होती, “आहे की कपाटात.” मी मान डोलावून निघालो होतो. परक्या बायांच्या कपाटांची झडती घ्यायला माणसं पाठवणारा मी, स्वतःच्या घरच्या कपाटाच्या दाराला हात लावला नव्हता.

बंगल्यावर पोहोचलो तेव्हा ती भाजी निवडत होती. माझा चेहरा बघून हात थांबले.

“पुडी दे.”

“अहो, उद्या...”

“आत्ता दे.”

“नाहीये,” ती म्हणाली. “तुमच्या ताईला दिली. परवा फाइल घेऊन आली होती ना, कुंकू लावलं, हातात काही द्यायला नको? नुसती पुडी बरी दिसेना म्हणून स्टीलच्या डबीत घालून दिली. म्हटलं, गुडघ्याला चांगलं असतं, सासूबाईंना दे.”

“पायाची आहे हे सांगितलंस?”

तिने मान खाली घालून नाही म्हटलं.

“सकाळी मला खोटं का सांगितलंस?”

“तुमचीच माणसं घरोघर विचारत फिरतायत, अन् साहेबांच्याच बायकोने दुसरीकडचं वाण दिलं म्हणू? मी सकाळी फोन केला तिला. म्हटलं, ती डबी परत दे, मी दुसरी चांगली देते. तर म्हणाली, राहू द्या मॅडम, छान आहे, अजून उघडलीच नाही. मी म्हटलं, उद्या जाऊन घेऊन येते.” तिचा आवाज बारीक झाला. “उघडलीच नाही म्हणाली ती.”

कालपासून दहा वेळा लाल दोऱ्याच्या पुड्या हाताळलेली ताई, आपल्या घरच्या डबीत काय आहे हे तिलाच माहीत नव्हतं. आणि बदनापूरला तिची सासू दुपारभर घरात एकटी होती.

ठाण्यात शिरताच मी तिला सांगितलं. ताईने तिथेच उभ्याने सासूला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

“त्या फोन देव्हाऱ्यात ठेवत्यात,” ती म्हणाली. “पावित्र्यानं.”

मग शेजारणीला लावला. आवाज मोठा केला.

“अगं, जरा आमच्या घरात जा. आत्त्या काय करायल्यात बघ.”

“काय करणार? मी दारातच हाय. चहा घेऊन बसल्यात मस्त. वास लई भारी सुटलाय.”

“कप काढून घे!”

“आँ?”

“हिसकाव! जहर हाय त्यात!”

पलीकडे पळापळ, भांडं पडल्याचा आवाज, आणि मग म्हातारीचा चढलेला सूर. “अगं ए, येडी झालीस का? साहेबीणबाईंचं वाण हाय ते! तुला न्हाई दिलं म्हणून हिसकावती व्हय?”

“किती प्याल्या?” ताईने विचारलं.

“अर्धा कप राह्यलाय.”

शेजारणीला मिळेल त्या गाडीने म्हातारीला जालन्याला न्यायला सांगितलं, रुग्णालयात डॉक्टरांना कळवलं आणि आम्ही जीप काढली. ताई मागे बसली होती. तासाभराच्या त्या रस्त्यात तिने तीनदा फोन केला. पहिल्या वेळी शेजारीण म्हणाली, “बोलायल्यात, मला शिव्या द्यायल्यात.” दुसऱ्या वेळी, “ओठ जड झालेत म्हणत्यात.” तिसऱ्या वेळी शेजारीण रडत होती आणि मागून शिव्यांचा आवाज येत नव्हता.

मी आरशातून मागे पाहिलं. ताई मला एखादा शब्द सुनावेल तर बरं, असं वाटत होतं. ती खिडकीबाहेर बघत होती. मी साहेब होतो ना. माझ्या बायकोने तिच्या घरात जहर पाठवलं, तरी ती गप्प होती. कालपासून गावातल्या तेवीस बायका ज्यासाठी गप्प होत्या, तसंच काहीतरी.

म्हातारी दोन दिवस त्याच काचेपलीकडे होती. तीच हिरवी रेघ. या खेपेला मी दोन मिनिटं नाही, रात्रंदिवस जमेल तेवढा वेळ पाहिली. अर्धाच कप गेला होता, वेळेत आणलं होतं, आणि बाई हाडाची चिवट. तिसऱ्या दिवशी तिने नर्सला दरडावलं, तेव्हा ताई पहिल्यांदा भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. जिला मी अटक करणार होतो, त्या सुनेचा सासराही तोवर वाचला होता. ती त्याला चमच्याने पेज भरवत होती. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “तुमी तरी काय करणार, साहेब.” हे ऐकणं माफ न करण्यापेक्षा जड गेलं.

पुढचे कागद थोडक्यात सांगतो. केंद्रवाल्या बाईंवर जीव धोक्यात घालणाऱ्या निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. त्यांनी जबाबात एक शब्दही लपवला नाही. लाल पुडी त्यांनी कायमची बंद केली. सुया चालू राहिल्या, आणि हवालदारांचे शनिवारही. फक्त आता ते मला खरं कारण सांगून जायचे. निनावी फोन करणारा शेजारीही मी शोधून काढला. ठाण्यात बोलावलं, समोर बसवलं आणि त्याच्यापुढे गरम चहा ठेवला. प्याला नाही हो तो!

केस डायरीत चाळीसही पुड्यांची नोंद आहे. कुठल्याही नावाची नाही. वचन ते वचन. चाळिसाव्या पुडीपुढेही मी तेवढंच लिहिलं, हस्तगत. माझ्या नोकरीत सगळ्यात सोयीने पाळलेलं वचन ते हेच.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? माणसं शिक्षेला घाबरून खोटं बोलतात, असं मी वीस वर्षं धरून चालत होतो. ती त्याहून किती तरी जास्त वेळा एवढ्याशा लाजेपोटी खोटं बोलतात, आणि तसं बोलताना त्यांना वाटतही नाही की हे खोटं कुणाचा जीव घेईल. आपण प्रश्न कुणासमोर विचारतो, यावर उत्तर ठरतं. चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला चारचौघांचंच उत्तर मिळतं. पुढे नोकरीत मी दार लावून विचारायला शिकलो. घरात शिकायला अजून थोडा वेळ लागला.

चौथ्या दिवशी माझी पत्नी रुग्णालयात आली. मी नको म्हटलं होतं. ती म्हातारीच्या खाटेशी गेली आणि उभ्यानेच सांगून टाकलं. “आत्याबाई, ते वाण माझं नव्हतं. मला आलेलं मी पुढं दिलं. अन् पायाचं आहे ते सांगितलं नाही.”

म्हातारीने तिला जवळ बसवलं. बराच वेळ तिचा हात हातात धरला आणि मग दबक्या आवाजात म्हणाली, “आता तू सांगितलंस म्हणून मीबी सांगते, बाई. मी तरी ती डबी कुठं ठिवणार व्हते? त्या दिवशी शेजारणीलाच द्यायला काढल्ती. ती यायच्या आधी झाकण उघडून वास घेतला, अन् मोह झाला.”

शेजारीण दारात उभी होती. हातात म्हातारीसाठी आणलेल्या पेजेचा डबा, कडेवर वर्षाची मुलगी. आतलं काही तिला ऐकू गेलं नव्हतं. माझ्या यादीत तिचं नाव नव्हतं, डबी तिच्याकडे गेली असती तर ताईला ते कधी कळलं नसतं, आणि त्या दुपारी आम्ही ज्या घरात फोन लावला असता तिथे म्हातारी, डबी हाय की घरात, म्हणत ठणठणीत बसलेली असती.

“पेज गरम हाय, काकू,” ती म्हणाली. “घेता का लगेच?”